संदेशाचा धंदा कोठे वसतो?



साखर कारखाना उसाजवळ वसतो. संदेशाचा धंदा कशाजवळ वसतो? आम्ही कामगार याचे उत्तर दिघीच्या माळावर शोधतो.

१९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. गिऱ्हाईक मुंबईत, पण मनोऱ्यांना मोकळी जागा हवी, म्हणून प्रेषणकेंद्र खडकीस आले. त्याच्या लहरींचा उपद्रव नको, म्हणून ग्रहणकेंद्र दूर दौंडला गेले. दिघीचीही शेकडो एकर जमीन या परदेश-संदेशसेवेकडे होती. पुढे उपग्रह आले, समुद्रतळाच्या नव्या तारा आल्या आणि माळाची गरज सरली. २००२ साली विदेश संचार निगमची मालकी टाटांकडे गेली, तेव्हा दिघीची ५२४ एकर जमीन जादा म्हणून व्यवहाराबाहेर ठेवली गेली.

जमिनीची मोजणी झाली. कामगाराच्या कसबाची मोजणी कोणत्या दप्तरात होते? हिंजवडीत संगणकाचे काम आले ते माळ पाहून नव्हे, पुण्याची शिकलेली मुले पाहून. म्हणजे पूर्वी ऊस जेथे, तेथे कारखाना. आता कसबी माणूस जेथे, तेथे हा धंदा. पण ऊस एकजूट करू शकत नाही, माणूस करू शकतो. संगणकापुढे बसणाऱ्या मुलामुलींनी एवढे ओळखावे, हीच आमची विनंती.