राघूची मैना कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती वावगी नाही. पण चालकांनी मला विषयाची मोकळीक दिली, तेव्हा मी पोपट हा विषय घेतला. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, आणि इकडे रांजणगाव व तिकडे दौंडजवळचे कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहतींमध्ये न्हावरे-चौफुल्याच्या वाटेने ये-जा करताना झाले. त्या वाटेवर माणसांखालोखाल मला जास्त भेटला तो पोपट. ज्वारीच्या कणसावर, पेरूच्या बागेत, नदीकाठच्या वडाच्या ढोलीत तो आहेच. त्याच्यासंबंधी आज एकच प्रश्न घ्यावयाचा आहे: पोपटांत नर कोणता आणि मादी कोणती, हे ओळखावे कसे?

प्रश्न पोरांचा वाटेल. तरीही आपणांपैकी कोणालाही मी विचारले, की चिमण्याची कोण? तर चिमणी. कोंबड्याची? कोंबडी. मोराची? लांडोर. आणि राघूची? लगेच उत्तर येईल, मैना! ओव्यांत राघू-मैना, लावणीत राघू-मैना, लग्नाच्या रुखवतात राघू-मैना. अण्णा भाऊ साठे यांच्या छक्कडीतली मैना तर मुंबईत पोटासाठी गेलेल्या कामगाराची गावाकडची बायको आहे. त्यामुळे आम्हा कामगारांना हे नाव फारच जवळचे. परंतु मंडळी, मैना ही राघूची कोणी नव्हे. मैना साळुंकीच्या कुळातली. तिचा नर तिच्याच जातीचा असतो आणि दिसावयासही बहुतेक तिच्यासारखाच असतो. म्हणजे आपल्या भाषेने राघूला परक्या घरची बायको पाहून दिली, आणि त्याच्या खऱ्या जोडीदारणीला मात्र नावच दिले नाही.

ज्याला नाव नाही त्याची हजेरी लागत नाही, हा आमच्या चळवळीतला पहिला धडा. एका कारखान्यात बायका यंत्र चालवीत आणि हजेरीपटावर त्यांच्यापुढे ‘मदतनीस’ लिहिलेले असे. काम यंत्रावरचे, पगार मदतनिसाचा. पोपटाच्या मादीचे असेच झाले आहे. ती आपल्यासमोर आहे, पण आपण तिला पाहिलेले नाही.

आता ओळखीकडे वळू. आपला नेहमीचा पोपट घ्या. पुऱ्या वाढीच्या नराच्या गळ्याभोवती कंठी असते. चोचीखालून काळा पट्टा निघतो आणि मानेमागे त्याला गुलाबी कडे मिळते. मादीला ही कंठी नसते. फार तर हिरव्यावर हिरवी अशी एक पुसट रेघ दिसते. येथवर पुष्कळांना ठाऊक असते, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. नराला कंठी जन्मतः नसते. ती उमटावयास दोन ते तीन वर्षे लागतात. तेव्हा कंठी दिसली तर नर, हे खरे. पण कंठी नाही म्हणून मादी, हे तीन वर्षांपर्यंत खरे नव्हे. मिशा नाहीत म्हणून पाळण्यातल्या पोराला आपण मुलगी ठरवीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा करण पोपट. हा अंगाने मोठा, आणि याच्या पंखांवर लाल डाग असतो. तो डाग नरालाही असतो आणि मादीलाही. येथेही फरक कंठीचाच. तिसरा तुईया पोपट, अंगाने लहान. याच्या नराचे डोके पिकल्या जांभळासारखे तांबूस-जांभळे, मादीचे राखी, आणि तिच्या गळ्याशी पिवळसर कडे. याच्यात पंखावरचा लाल डाग मात्र नरालाच असतो. पाहा, डाग तोच, पण एका जातीत त्याचा अर्थ एक आणि दुसरीत दुसरा. म्हणून आधी जात ओळखावी, मग नर-मादी.

रंगापेक्षा खात्रीची खूण म्हणजे वागणूक. पौष-माघात एखाद्या ढोलीसमोर तासभर बसा. नर मान वाकवतो, डोलतो, पाय उचलतो आणि भीतभीत जवळ सरकतो. मादी त्याला वेळप्रसंगी चोच मारून हाकलते. पोपटांच्या घरात वर्षाचा बराच काळ दरारा तिचाच असतो. ती अंड्यांवर सुमारे तीन आठवडे बसते, आणि तो आपल्या चोचीतून तिला भरवतो. ‘पोपटाची बायको’ एवढीच तिची ओळख नव्हे, हे ढोलीसमोर बसले की पटते.

पिंजऱ्यात अलीकडे जो लहानगा पोपट दिसतो, ज्याला बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून खपवतात, तो बहुधा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो. त्याच्या चोचीवर, नाकपुड्यांपाशी एक मऊ गादी असते. पुऱ्या वाढीच्या नरात ती निळी. मादीत पांढुरकी, आणि अंड्यांच्या दिवसांत तपकिरी व खरबरीत. पिलांत दोघांचीही गुलाबी-जांभळट, आणि पांढऱ्या व पिवळ्या जातींत नराचीही तशीच राहते. म्हणून तेथे जपून बोलावे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या पुष्कळ जातींत नर-मादी सारखेच दिसतात. तेथे डोळ्यांचा उपयोग नाही. पिसाची किंवा रक्ताच्या थेंबाची डीएनए तपासणीच करावी लागते.

बाह्य रूपावरून पंडितही फसले आहेत. न्यू गिनीकडे एक्लेक्टस नावाचा पोपट आहे. त्याचा नर हिरवागार आणि मादी लालभडक. युरोपातील पक्षिशास्त्रज्ञांनी बरीच वर्षे त्यांना दोन निराळ्या जाती मानले. नवरा-बायको दोन कपाटांत, दोन नावांनी ठेवलेले होते!

आपण विचाराल, यातून साधावयाचे काय? सांगतो. ‘राघू बोलतो, मादी बोलत नाही’ अशी समजूत आहे. बजरीगरात नर अधिक बोलका असतो, हे खरे. पण आपल्या कंठीच्या पोपटात मादीही बोलावयास शिकते. तरी विकणारा ढोलीतून काढलेले पिलू ‘अस्सल राघू’ म्हणून पुढे करतो. त्या वयात नुसत्या नजरेने ते कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा जो सांगतो तो फसवतो. साध्या पोपटाच्या पंखांना लाल रंग फासून करण पोपट म्हणून विकण्याची लबाडीही जुनीच.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. एकटी मादीसुद्धा अंडी घालते. ती उबत नाहीत एवढेच. चुन्याचा अंश आणि ऊन कमी पडले तर अंडे आत अडकते. पाखरू पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी हलवीत कुंथते. घरचे म्हणतात, राघूला थंडी बाधली. हळद लावतात, फडके गुंडाळतात, आणि पाखरू दोन दिवसांत मरते. ती मादी आहे हे ठाऊक असते, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेले असते. बजरीगर पाळणाऱ्या माताभगिनींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडच्या पोपटांबद्दल मात्र मला वेगळे सांगावयाचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा व्यापार बंद आहे. त्यांना पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ज्यांच्या घरी असे पाखरू आहे त्यांनी ते एकदम उडवूनही देऊ नये. हाताने वाढलेल्या पाखराला रानात निभाव लागत नाही. वनखात्याला कळवावे. नर-मादी ओळखण्याची हौस ढोलीसमोर बसून फुकट भागते.

शेवटी एक गोष्ट, आणि मी थांबतो. माणसांत मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या अंशावर ठरते. पाखरांत उलट, तेथे ते आईच्या अंड्यावर ठरते. आपण मात्र पाखरांचा न्याय माणसांना लावून मुलगी झाली की सुनेला बोल लावतो. पोपटाची मादी ओळखण्याची ज्या समाजाला कधी गरज वाटली नाही, त्यालाच पोटातली मुलगी ओळखण्याची मोठी घाई झाली, आणि १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. ओळखावयाचे ते न्याय देण्यासाठी, निजानीस लावण्यासाठी नव्हे. कंठी नाही, मिशा नाहीत, हजेरीपटावर नाव नाही, अशा ‘नाही’वरून कोणाचीही ओळख ठरवू नये. ती काय करते ते पाहावे, आणि तिला तिचे नाव द्यावे.