पुसलेल्या फितींचा शोध



राबणाऱ्याचे कामच पुसले गेले, तर त्याने दाद कोठे मागावी? बी.बी.सी.चा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा गाण्यांचा कार्यक्रम १९६४ साली सुरू झाला. चित्रफीत महाग, म्हणून ती पुसून पुन्हा वापरीत. वादक-संघटनेच्या करारात पुन:प्रक्षेपणावर मर्यादा होती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे ती रास्तच मानतो; जुन्या फितीने नव्या वादकाची रोजी बुडू नये. पण ‘पुन्हा दाखवू नका’ म्हणजे ‘पुसून टाका’ नव्हे!

आता शोध वादकांच्या घरांत घ्यावा लागतो. सोनीचे घरगुती मुद्रणयंत्र १९६५ साली आले, फिलिप्सचे १९७२ साली. ज्यांना ते परवडले, त्यांच्या माळ्यावर एखादी फीत असू शकेल. ही आशा पोकळ नव्हे. डेव्हिड बोवीचे १९७३ सालचे गाणे एका कॅमेरावाल्याने जपलेल्या प्रतीतून २०११ साली मिळाले. बीटल्सच्या १९६६ सालच्या हजेरीचे अकरा सेकंद एका कुटुंबाने पडद्यावरून टिपले होते. ते २०१९ साली हाती आले. संस्थेने पुसले, ते साध्या माणसांनी राखले.

मात्र वेळ थोडा आहे. फितीवरचा लेप झडतो, एका बनावटीची फीत दुसऱ्या यंत्रावर चालत नाही आणि ते वादकही आता थकले आहेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : करारात मजुरीच्या कलमाशेजारी जतनाचेही कलम असू द्या. घामाचा मोबदला मिळावा, तशी त्याची खूणही उरावी.