सुन त्झू आणि नगरच्या रणभूमी



सुन त्झूचा युद्धशास्त्रावरचा ग्रंथ अवघ्या तेरा प्रकरणांचा आहे. निवांत बसलं तर एका बैठकीत वाचून होतो. १९७२ साली चीनच्या शांतुंग प्रांतात हान काळातल्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली त्याची प्रत सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं हा ग्रंथ जपून ठेवत होती, एवढं त्यावरून कळतं. आज व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवतात, आणि न लढता शत्रूला नमवावं हे त्यातलं सूत्र सगळ्यांच्या तोंडी असतं. मी बोलणार आहे ते बाराव्या प्रकरणाबद्दल, ज्याच्याकडे फारसं कोणी वळत नाही.

हे प्रकरण आगीच्या हल्ल्यांवर आहे. आग कधी लावावी, वारा कुठून असावा, पाण्याने शत्रू कसा तोडावा, हे सगळं सांगता सांगता ग्रंथकार एकदम गंभीर होतो. लढाई जिंकून जो तिचं फळ पक्कं करत नाही, त्याने अरिष्टच ओढवून घेतलं, असं तो बजावतो. राजाने रागाच्या भरात सैन्य उभं करू नये. राग निवतो, बुडालेलं राज्य मात्र परत येत नाही, हेही तिथेच येतं. माझ्या मते साऱ्या ग्रंथाचा गाभा इथे आहे. तो समजून घ्यायला आपल्याला चीनला जायची गरज नाही. आपला जिल्हा पुरेसा आहे.

भातवडी घ्या. आजचं भातोडी, नगर शहराच्या जवळचं. साल १६२४. मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन निजामशाहीवर चालून आले होते. निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात होता. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वतःच्या अकलेवर राज्याचा आधार झालेला हा माणूस. दोन फौजांशी उघड्या मैदानात भिडणं त्याला परवडणारं नव्हतं. तो मागे हटत राहिला आणि शत्रूला आपल्या सोयीच्या जागी येऊ दिलं. मग त्याने भातवडीच्या तलावाचं पाणी सोडलं. पावसाने आधीच भिजलेल्या रानात चिखल झाला. तोफांचे गाडे रुतले, रसद अडली, घोड्यांना वैरण मिळेना. रात्री अंबरच्या टोळ्या छावणीवर येत, कापाकापी करत आणि उजाडायच्या आत निघून जात. विजापूरकरांच्या छावणीतली माणसं फुटून अंबरकडे येऊ लागली. निर्णायक हल्ला झाला तेव्हा समोरचं सैन्य मनाने आधीच हरलेलं होतं. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, मोगल सरदार लष्करखान कैद झाला. शहाजीराजे या लढाईत चमकले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच कामी आले.

अंबरने सुन त्झू वाचला असण्याचा प्रश्नच नाही. तरी भूमी, ऋतू, शत्रूची उपासमार आणि त्याच्या मनातली भीती यांचा असा हिशेब तो चिनी ग्रंथकार आनंदाने उतरवून घेईल. अंबरवर अखेरपर्यंत खार खाऊन असलेल्या मोगलांच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याला आणि कारभाराला दाद दिली.

आणि पुढे? वर्षभरात शहाजीराजे अंबरपासून दुरावून विजापूरकरांकडे गेले. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याचा मुलगा फत्तेखान आणि सुलतान एकमेकांच्या जिवावर उठले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. भातवडीपासून अवघी बारा वर्षं. जमीनमहसुलाची शिस्त लावणारा एवढा जाणता पुरुष, पण आपल्यामागे राज्य सांभाळतील अशी माणसं त्याला एकत्र ठेवता आली नाहीत. ही त्याची उणीव मला भातवडीच्या विजयाइतकीच शिकवणारी वाटते.

खर्ड्याची गोष्ट याहून झोंबणारी आहे. जामखेड तालुक्यातलं खर्डा, ११ मार्च १७९५. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, सगळे पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आले. नाना फडणविसांची बातमीदारी आणि मनधरणी यांचं हे यश होतं. हैदराबादच्या निजामाने रात्रीच माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला, तिथे तो कोंडला गेला, त्याच्या फौजेला पाणी मिळेना. चार दिवसांत तहाचं बोलणं सुरू झालं. दौलताबाद, मोठा मुलूख, तीन कोटींची खंडणी, शिवाय त्याचा दिवाण ओलीस. इतक्या थोड्या रक्तात एवढा लाभ मराठ्यांना क्वचितच झाला असेल. पण ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे गेले, गादीच्या भांडणात पुणे दुभंगलं, आणि पुढच्याच वर्षी महाडच्या करारात मिळवलेलं बहुतेक सारं निजामाला परत द्यावं लागलं. १८०३ च्या ऑगस्टात इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठ्यांकडून नगरचा किल्ला घेतला, तो चार दिवसांत.

त्याच जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. १७६७ मध्ये त्यांचा मुलगा मालेराव गेल्यावर पेशव्यांचे चुलते राघोबादादा फौज घेऊन इंदूरच्या रोखाने आले. बाईंनी महादजी शिंद्यांसह इतर सरदारांकडे पत्रं धाडली, पेशव्यांना कळवलं, आपले सरदार तुकोजी होळकर यांना क्षिप्रेच्या काठावर उभं केलं. बाईशी लढून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हा त्यांचा निरोप प्रसिद्धच आहे. दादा मातमपुर्सीला आल्याचं सांगून मोकळे झाले. शत्रूचा बेत मोडा, त्याचे मित्र तोडा, फौजेशी भिडणं त्यानंतर: सुन त्झूने लावलेला हाच क्रम. आणि त्या विजयाचं फळ बाईंनी पक्कं केलं. तुकोजींकडे लष्कर, स्वतःकडे खजिना आणि न्याय, वाटांवर विहिरी आणि धर्मशाळा, असा कारभार १७९५ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं चालला.

जिंकल्यावर पुढे काय, हा प्रश्न आजचाही आहे. आपल्याकडे निवडणूक म्हणजे रणधुमाळी. साखर कारखान्याची असो, सोसायटीची असो की विधानसभेची, गुलाल उधळला की लढाई संपली असं आपण धरून चालतो. पराभूत गटातली जाणती माणसं सोबत घेतली का, पुढची फळी उभी केली का, हे विचारायला कोणी थांबत नाही. ते विचारणं हे मतदार म्हणून आपलं काम आहे.

इथे शिक्षक मंडळी बरीच बसली आहेत. त्यांना माझी एकच विनंती. शाळेच्या सहली दूर जातात, जाऊ द्या. पण वर्षातून एक सहल भातोडी, खर्डा आणि चौंडीला न्या, आणि मुलांना लढाई कशी जिंकली याच्या जोडीला पुढची दहा वर्षंही शिकवा.