ताईची बहीण
(वर्धापन दिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिलाय लहान मुलांचा. मी काही मोठी वक्ती नाही. पंचवीस वर्षं बालवाडीत गेली, तेवढीच माझी पुंजी. तिथं रोज दुसऱ्यांच्या मुलांचं बघायची. स्वतःच्या घरात काय केलं, ते आधी सांगते.

मला दोन मुली. थोरली चार वर्षांची असतानाच त्रिशरण-पंचशील न अडखळता म्हणायची. ह्याच विहारात तुम्ही टाळ्या वाजवल्यात. धाकटी मात्र तोंड उघडायची नाही. वंदनेला उभी केली की माझ्या पदराआड. मग मी म्हणायची, "ताई बघ कशी म्हणते! आणि तू?" शेजारच्या मावश्याही तेच म्हणायच्या. कुणाचा हेतू वाईट नव्हता. एकदा पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी तिला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" तर म्हणाली, "मी ताईची बहीण. मला येत नाही."

चार वर्षांची पोर! नाव विचारलं तर काय येत नाही ते सांगितलं. त्या रात्री मला घास गेला नाही.

नावाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आजे-पणज्यांची नावं आठवा. कचरू, धोंडू, दगडू. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण हौसेनं राहुल, गौतम, सुजाता, संघमित्रा अशी नावं ठेवली. शाळेच्या रजिस्टरात ती शोभून दिसतात. पण घरात हाक काय? काळी, ढब्बू, रडकी. पाहुण्यांसमोर तर हमखास. मूल खेळत असतं म्हणून आपल्याला वाटतं त्याचं लक्ष नाही. त्याचं सगळं लक्ष तिकडंच असतं.

आम्ही बालवाडीत एक गंमत बघायचो. लहानग्याच्या नाकाला नकळत काजळ लावायचं नि आरशापुढे बसवायचं. अगदी तान्हं मूल आरशातल्या बाळाला हात लावतं. दीड-दोन वर्षांचं झालं की बहुतेक मुलं स्वतःचं नाक चाचपतात. 'हा मी' हे तेव्हा कळायला लागतं. त्याच सुमारास 'माझं, माझं' सुरू होतं आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. मी कोण हे त्याला कळलेलं असतं. मी कसा, हे ते आपल्याकडून ऐकतं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा आहे. हे दोघे भाऊ भिक्खू. थोरला महापंथक हुशार. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्यानंच त्याला सांगितलं, तू जा आता घरी. तो निघाला, तेव्हा बुद्धांनी त्याला थांबवलं आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा हातात दिला. हे चोळत बस, म्हणाले. चोळता चोळता कापड मळलं, आणि अनित्यता म्हणजे काय हे त्याला उमगलं. पुढे तो अर्हत झाला. बुद्धांनी त्याला पाचव्या महिन्यात तीच गाथा पुन्हा घोकायला लावली नाही, ह्याचा मी फार विचार केला.

मग मी धाकटीला म्हणायला लावणं बंद केलं आणि नुसती बघत बसले. वंदना चालू असताना ही दारात. बाहेर चपलांचा ढीग. ती एकेक जोड लावत होती. सुटताना प्रत्येक आजीच्या पायापुढे तिचीच चप्पल! कुणाची कोणती, हे तिला न विचारता ठाऊक होतं. इतके महिने ती दारात बसायची आणि मी तिला आत ओढायची.

म्हणून म्हणते, मुलाला नुसतं 'हुशार, हुशार' म्हणू नका. त्यानं काय केलं ते सांगा: "सगळ्या आजींच्या चपला तू ओळखल्यास." चित्रात कावळा निळा काढला तर हातातला खडू काढून घेऊ नका, विचारा काय काढलंय. दोन फ्रॉकपैकी कुठला घालायचा ते तिलाच ठरवू द्या. समितीलाही विनंती, जयंतीला पाठांतर आणि वेशभूषा एवढ्याच स्पर्धा असतात. बाकीची मुलं टाळ्या वाजवून घरी जातात.

एका उपासकांनी मला अडवलं होतं, "बाई, धम्म तर 'मी' सोडायला सांगतो, आणि तुम्ही पोरांना 'मी' शिकवता?" प्रश्न रास्त आहे. पण 'मी श्रेष्ठ' हा जसा मान, तसा 'मी हीन' हाही मानच, असं धम्मात सांगितलंय. माझी पोर तो दुसरा घेऊन बसली होती.

शेवटी अंगठ्यांचा खेळ सांगते. स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवायचा, कागदावर उठवायचा, खाली ज्याचं त्याचं नाव. बोटांच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. जुळ्यांच्यासुद्धा सारख्या नसतात. घरी हा खेळ मांडला तशा सासूबाई रागावल्या. "अंगठा कशाला शिकवतेस पोरीला? आम्ही जन्मभर तेच केलं. तिला सही शिकव." त्यांचं खरं होतं. कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते न कळता त्यांनी अंगठे दिले होते. मी म्हटलं, "आत्या, खाली तिचं नाव लिहितेय ना." त्या गप्प बसल्या.

धाकटीनं त्यांचा हात ओढला, अंगठा शाईत बुडवला आणि आपल्या ठशाशेजारी उठवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, तुझा वेगळाय. माझा नाही तसा." सासूबाईंनी चष्मा मागितला. त्यांनी तो अंगठा कितीदा दिला असेल, पण निरखून बघितला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मग मला म्हणाल्या, "माझ्या खाली पण नाव लिही." मी लिहिलं. त्यांनी बोट ठेवून अक्षरं मोजली.

सासूबाई आता नाहीत. कागद माझ्या पेटीत आहे. आज दाराशी स्टॅम्पपॅड ठेवलंय, मुलांना आणि आज्यांना घेऊन जाताना तिथं थांबा. जयभीम.