तोंडाची पाहणी



दंतवैद्यापुढें आपण तोंड उघडतों तें दुखऱ्या दाढेसाठीं. परंतु ओठ, गाल, जीभ व टाळू यांचीही पाहणी व्हावयास हवी, याचें आपणांस विस्मरण होतें.

या वेळणेश्वरीं पोफळीच्या बागा आहेत. सुपारी ही आमच्या पाहुणचाराची खूण. त्याच सुपारीस कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें सन २००४ मध्यें कर्करोगकारक ठरविलें, हें सांगतांना आम्हांस जड जातें. मशेरी म्हणजे तर भाजलेली तंबाखूच. तिच्याविषयीं शंकेस जागाच नाहीं.

पाहणीस फार वेळ लागत नाहीं. वैद्य ओठ व गाल उलटून पाहतो, जीभ कापडानें धरून तिच्या कडा न्याहाळतो, जिभेखालची जागा व टाळू पाहतो, आणि मानेंतील गांठी बोटांनीं चांचपतो. पांढरा किंवा तांबडा चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेला व्रण, ताठरलेला गाल, हीं चिन्हें तो शोधतो. डॉ. एस. जी. जोशी यांनीं सन १९५३ मध्यें वर्णिलेल्या विकारांत तोंड हळूहळू उघडेनासें होतें. त्याचें मुख्य कारण सुपारीच होय.

आरंभीं चट्टा बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच आपण थांबतों व रोग वाढतो.

यास्तव मशेरी लावणाऱ्या आपल्या आईस, आजीस एकदां संगें घेऊन जा. वैद्यानें केवळ दांतच पाहिले, तर “गाल व जीभही पाहावी” असें नम्रपणें सांगा.