गर्दीला माप एकच हवं

(तळेगाव ढमढेरे येथे एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या युवक बैठकीतील भाषण)



मित्रांनो, बहिणींनो, रोजे सुरू आहेत, इफ्तारला फार वेळ नाही, म्हणून लांबण लावत नाही. २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि दुसऱ्या दिवशी आपला पहिला रोजा झाला. गहुंज्याच्या स्टेडियमवर आयपीएलचे सामने सुरू आहेत. २९ मार्चला तिथं पहिला सामना झाला, तेव्हा फक्त २५ टक्के प्रेक्षकांना परवानगी होती. साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा मिळवली. जत्रांचा हंगाम आहे, बैलगाड्याचे घाट पुन्हा गजबजलेत. तुम्ही मला विचारलंत, "प्रेक्षक परत आले, हे बरोबर झालं का?" माझं उत्तर आहे, हो, बरोबर झालं. पण कुठल्या मापानं आपण हे बरोबर म्हणतो, ते आज बोलू. कारण ही साथ शेवटची नाही.

आधी मागच्या वर्षीचं आठवा. २०२१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचा संघ आला होता. चेन्नईच्या दुसऱ्या कसोटीला निम्मं स्टेडियम उघडलं. मार्चमध्ये अहमदाबादच्या पहिल्या दोन टी-ट्वेंटी सामन्यांना साठ हजारांहून जास्त लोक बसले, आणि रुग्ण वाढल्यावर उरलेले तीन सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. नंतर २३, २६ आणि २८ मार्चला आपल्या गहुंज्यात तीन एकदिवसीय सामने झाले, तेही प्रेक्षकांविना. महाराष्ट्र सरकारनं तशीच अट घातली होती. एका फॅननं मागच्या टेकडीवर चढून सामना पाहिला, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. पुणे जिल्ह्यात तेव्हा रोज हजारोंनी रुग्ण सापडत होते. गहुंज्याचं दार बंद ठेवलं, ते योग्यच होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. त्याच मार्चमध्ये आम्ही पोरांनी टेनिस बॉलची स्पर्धा ठेवली होती. सगळ्या जातीधर्माची पोरं होतो. कुणीतरी म्हणालं, सामने खेळू, पण बघायला कुणाला बोलवायला नको. त्याला गप्प कुणी केलं? मी. मी म्हणालो, "अहमदाबादेत साठ हजार चालतात, मग आपल्या दोनशेंना काय होतंय?" सगळे हसले. मंडप पडला, कॉमेंट्री झाली, वडापावची गाडी लागली, एका ताडपत्रीखाली दोनशे माणसं खांद्याला खांदा लावून ओरडत होती. माझे चाचा दोन्ही दिवस पुढच्या रांगेत होते.

एप्रिलमध्ये चाचा गेले. त्यांना कुठून लागण झाली, मला माहीत नाही, कधीच कळणार नाही. कदाचित बाजारातून, कदाचित कंपनीतून आलेल्या कुणाकडून. पण जनाज्याला वीस माणसांची मर्यादा होती. ज्या माणसानं गावातल्या निम्म्या मयतींना खांदा दिला, त्याला खांदा द्यायला आम्ही मोजून माणसं उभी केली. स्पर्धेला दोनशे आणि जनाज्याला वीस. तो हिशोब माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मी जे बोललो, त्याच्यातच आजचा मुद्दा आहे. एका ठिकाणी साठ हजार चालतात आणि दुसऱ्या ठिकाणी दोनशे चालत नाहीत, असं दिसलं की नियमावरचा विश्वास उडतो. मग प्रत्येक जण म्हणतो, त्यांना सूट आहे तर आम्हाला का नाही? दुटप्पी नियमानं फक्त एका समाजावर अन्याय होत नाही, तो सगळ्यांनाच नियम मोडायला निमित्त देतो. मी तेच निमित्त घेतलं.

आपल्यावर काय गुदरलं, तेही बोललं पाहिजे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजमध्ये माणसं जमली, ती जमायला नको होती, हे मी उघड म्हणतो. पण त्याच्या महिनाभर आधी, २४ फेब्रुवारीला, मोटेराच्या स्टेडियममध्ये लाखभर लोक जमले होते. त्यावरून कुणी कुठल्या समाजाला विषाणूचं नाव दिलं नाही. आपल्या फळवाल्यांना, भाजीवाल्यांना मात्र गल्लीतून परत पाठवलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगीच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निरीक्षण नोंदवलं. निकाल आला, पण तोवर अनेकांच्या हातगाड्या महिनोन्महिने उभ्या होत्या.

त्याच महिन्यात मोहरमच्या मिरवणुकांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं देशभरासाठी सरसकट परवानगी नाकारली. पुरीच्या रथयात्रेला दिली होती, मग आम्हाला का नाही, असा अर्जदारांचा सवाल होता. न्यायालयाचं म्हणणं असं, की रथयात्रेची जागा एक, मार्ग एक, त्यामुळं धोका मोजता आला. देशभराच्या मिरवणुकांचा मोजता येत नाही. शिवाय गोंधळ होईल आणि साथ पसरवल्याचा ठपका एकाच समाजावर येईल. यातला पहिला भाग मला पटतो, कारण ते माप आहे. दुसरा भाग ऐकून वाईट वाटतं, कारण ती आपल्या देशातल्या वातावरणाची कबुली आहे.

मग खरं माप कुठलं? जगानं ते फार मोठी किंमत मोजून शिकलं. १९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा फुटबॉल सामना झाला. बेर्गामो शहरातून हजारो लोक बसनं, रेल्वेनं तिथं गेले, ओरडले, गळ्यात पडले. पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराच्या गाड्या लागल्या. सगळं त्या एका सामन्यानं झालं नाही, पण सामन्याचा त्यात वाटा होता, असं अनेक डॉक्टरांना वाटतं. जुलै २०२१ मध्ये लंडनमध्ये विम्बल्डनही भरलं आणि वेम्बलीवर युरोची फायनलही. सरकारी पाहणीत विम्बल्डनशी जोडलेली लागण शेकड्यांत निघाली, वेम्बलीच्या फायनलची हजारांत. शहर एक, महिना एक. फरक माणसांच्या वागण्यात होता. एकीकडं शांत बसून टाळ्या, दुसरीकडं दारू, आरोळ्या, प्रवेशद्वारावरची चेंगराचेंगरी.

म्हणजे माप चार प्रश्नांचं आहे. जागा उघडी आहे की कोंदट? माणसं किती आणि किती अंतरावर? ओरडणं, खाणं, रांगा, येण्याजाण्याच्या गाड्या यांचं काय? आणि आजूबाजूच्या दवाखान्यात खाटा शिल्लक आहेत का? हे चार प्रश्न स्टेडियमला लावा, बैलगाड्याच्या घाटाला लावा, उरुसाला लावा, लग्नाला लावा. आपल्या ताडपत्रीला लावले असते, तर आम्ही नापास झालो असतो. पाचवा प्रश्न, म्हणजे गर्दी कुणाची, या यादीत येत नाही.

या मापानं अनेकांनी मोठा त्याग केला, हे विसरू नका. २०२० मध्ये माउलींची आणि तुकोबांची पालखी एसटीनं पंढरपूरला गेली. १ जानेवारी २०२१ ला इथून जवळच पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला घरूनच अभिवादन करा म्हटलं, लोकांनी ते मानलं. आपण दोन वर्षं ईदची नमाज घरात पढली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. किती वर्षांनी! १ जानेवारीला लांडेवाडीच्या घाटात बारी ठरली, आणि रुग्ण वाढताहेत म्हणून प्रशासनानं ती ऐन वेळी थांबवली. माझे मामू गाड्याचे शौकीन, त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं केलं नाही. मशीद बंद झाली तेव्हा आपल्यातले काही जण जे बोलत होते, तेच मामू बोलले, "हे मुद्दाम आपल्यावरच." मी म्हणालो, "मामू, या वेळी माप बरोबर आहे." ते चिडले, पण ऐकलं.

कुणी म्हणेल, मग प्रेक्षक हवेतच कशाला, टीव्ही आहे की. डिसेंबरमधली वानखेडेची कसोटी आठवा. २५ टक्केच प्रेक्षक होते. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल आपल्याविरुद्ध डावात दहाच्या दहा बळी घेतो. कसोटीच्या इतिहासात त्याच्याआधी फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळे. आणि हरवायला आलेल्या त्या पोरासाठी वानखेडे टाळ्या वाजवतं. रिकाम्या खुर्च्यांकडून हे होत नाही. अनोळखी माणसाच्या शेजारी बसून एकाच गोष्टीवर खूश होणं, हे आपल्या देशाला फार गरजेचं आहे. म्हणून गर्दी परत हवी, आणि सुरक्षित हवी.

शेवटी कामाचं. एक, ज्यांचे लसीचे डोस राहिलेत, त्यांना घेऊन मी स्वतः केंद्रावर येईन. आपल्या मोहल्ल्यात अजून संकोच आहे, तो आपणच काढायचा. दोन, जत्रा कमिटी, मशिदीचे विश्वस्त, जयंती मंडळ आणि आपलं क्रिकेट मंडळ यांनी एकत्र बसून ते चार प्रश्न एका कागदावर लिहावेत आणि ग्रामसभेत मांडावेत. पुन्हा साथ आली, तर जत्रेला, उरुसाला, जयंतीला आणि टेनिस बॉलला तोच कागद. तीन, तो कागद पहिल्यांदा आपल्या कार्यक्रमाला लावायचा. स्वतःला माप लावणाऱ्यालाच दुसऱ्याकडं माप मागता येतं.

मेमध्ये आपण पुन्हा स्पर्धा घेतोय. या वेळी ताडपत्री नाही, चारी बाजू मोकळ्या असतील. पुढच्या रांगेतली एक खुर्ची मी चाचांसाठी रिकामी ठेवणार आहे. बाकीच्या खुर्च्यांवर तुम्ही या.