आवाज लावणे आणि आवाज वाढवणे

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या काळच्या घरगुती रेडिओला बहुधा दोन मोठी बटणे असत; एक स्टेशन लावण्याचे, दुसरे आवाज कमी-जास्त करण्याचे. स्टेशन नीट लागले नसेल तर आवाज वाढवून खरखरच वाढते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. आज गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर बसवणाऱ्या हौशी मंडळींना नेमकी हीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते. ॲम्प्लिफायरवर ‘गेन’ नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो आवाज लावण्याचा आहे. वाढवण्याचे बटण वेगळे, ते तुमच्या हाताशी डॅशबोर्डवर असते.

म्हणजे काय, ते पाहू. डॅशबोर्डवरच्या स्टिरिओतून ॲम्प्लिफायरकडे गाण्याचा जो संकेत जातो, तो अगदी दुबळा असतो. एखादा स्टिरिओ दोन व्होल्टपर्यंत देतो, एखादा चारपर्यंत. किती संकेत आला म्हणजे ॲम्प्लिफायरने आपली पूर्ण ताकद लावायची, एवढेच गेन ठरवतो. ज्याची ताकद १०० वॉटची, तो गेन कितीही पिळला तरी २०० वॉटचा होत नाही. आवाजाच्या लाटेचे माथे त्याला आणखी वर नेता येत नाहीत, म्हणून ते सपाट कापले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. गाणे कानाला चिरके लागते. शिवाय अशा कापलेल्या लाटेतून स्पीकरच्या बारीक वेटोळ्यात नेहमीहून जास्त शक्ती शिरते, अगदी टोकाला गेले तर दुपटीपर्यंत. वेटोळे तापते आणि जळते. मग आपण म्हणतो, ‘दुकानदारानं स्पीकरच खराब दिला!’ पुष्कळदा दोष त्या छोट्या स्क्रूचा असतो.

पण गेनच्याही आधी तारा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. व्होल्ट थोडे, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह फार लागतो. ४०० वॉट देणारा चांगला ॲम्प्लिफायर पूर्ण भारावर ४० अँपिअरच्या आसपास ओढतो. घरातला दीड टनी एसी सात-आठ अँपिअरवर चालतो. तेव्हा तार जाड आणि तांब्याची हवी, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच हवा. हा फ्यूज म्हणजे तारेचा राखणदार. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाणारी तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर तो वितळून प्रवाह तोडतो. तो नसेल तर तार लालबुंद होते आणि गाडीला आग लागू शकते. तार पत्र्यातून जाते तिथे भोकाला रबरी कडे घाला. अर्थची तार आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट कसा. गाण्याची तार एका बाजूने आणि विजेची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुई ऐकू येते. आणि हो, काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे उणे टोक सोडवून ठेवा.

जोडणी झाली, टोक परत लावले, की मग गेन. स्टिरिओवरचे बेस, ट्रेबल वगैरे सारे मध्यावर आणा. ॲम्प्लिफायरचा बेस बूस्ट बंद करा. गेन अगदी कमी करा. आता स्टिरिओचा आवाज पूर्णाच्या तीन-चतुर्थांशावर न्या. नीट माहीत असलेले, स्वच्छ मुद्रित केलेले गाणे लावा; त्यात माणसाचा आवाज हवा, कारण कानाला सर्वांत ओळखीचा तोच. पेचकसाने गेन हळूहळू वाढवा. गळा किंचित घोगरा किंवा चिरका वाटला की थांबा आणि थोडे मागे या. झाले! यापुढे त्या स्क्रूला हात लावू नका.

अधिक नेमकेपणा हवा असेल तर मल्टीमीटर घ्या. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढा. १०० वॉट आणि ४ ओहम असतील तर गुणाकार ४००, वर्गमूळ २०. म्हणजे २० व्होल्ट. स्पीकर सोडवून १००० हर्ट्‌झचा एकसुरी स्वर लावा, सबवूफरसाठी ५० हर्ट्‌झचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. त्यानंतर राहिली कामाची वाटणी. साधारण ८० हर्ट्‌झच्या खालचे स्वर सबवूफरकडे, वरचे दारांतल्या स्पीकरकडे. लहान स्पीकरवरचा हा भार उतरला की तो मोकळा वाजतो.

आपल्या नागपूरकरांना एक पथ्य जास्तीचे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक. ॲम्प्लिफायर गालिच्याखाली दडपू नका. भोवती चार बोटे हवा खेळू द्या. दुपारी गाडी काढली तर आधी काचा उघडा, गाडी जरा निवू द्या, मग गाणे. चालता चालता तो आपोआप बंद पडू लागला, तर बहुधा तापूनच पडतो आहे असे समजा.

शेवटची गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असे मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे. नासलेला स्पीकर बाजारात नवा मिळतो, पण कानाच्या आतल्या ज्या पेशी अशा आवाजाने मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय रस्ता काही आपल्या एकट्याचा नाही. मेडिकल चौकात मागून रुग्णवाहिका येत असते. तिच्यातल्या रोग्याला क्षणाक्षणाची किंमत असते. तिचा भोंगा काचा बंद असतानाही ऐकू यावा, इतपतच गाणे चालू द्यावे. गेन नीट लावलेला असला की तेवढ्या आवाजातही शब्दन्‌शब्द स्पष्ट कळतो, आणि बटण पुढे ढकलण्याची इच्छाच होत नाही.